नवरदेवाची गाडी आणि पन्नासचा जेट

आमच्या तालुक्यातली सगळ्यात वेगवान गाडी ही लग्नात नवरदेव मिरवायची गाडी आहे, असं बाहेरच्या माणसाला सांगितलं की तो आधी हसतो. हसू दे. पांढरी, वीसेक वर्षांची होंडा सिटी, व्हीटेक इंजिन, दारांच्या कडांना झेंडूचे डाग कायमचे बसलेले. अणदूरचे लालमहंमदचाचा ती लग्नसराईत चालवतात. पुढं बँड, वर फुलांची जाळी, आत घामाघूम नवरदेव, आणि चाचा पहिल्या गिअरमध्ये मुंगीच्या चालीनं. उरलेल्या दिवसांत तीच गाडी चाचांची मुलगी उम्मेहानी, म्हणजे आमची हानी, आणि मी, अशा आम्ही दोघी पळवतो. रस्त्यावर नाही. धावपट्टीवर, शर्यतीत, हेल्मेट घालून.

मी वैदेही. तुळजापूरची, पुजाऱ्याच्या घरातली. लोक नवी गाडी देवीच्या दारात पूजेला आणायचे तेव्हा घरच्यांचं लक्ष नारळाकडं असायचं आणि माझं इंजिनाच्या आवाजाकडं. धाराशिवला हानीनं आणि मी एकाच बाकावर बसून डिप्लोमा केला. ती गाडी चालवते, मी गाडी जुळवते. पोटासाठी मी तुळजापुरात पीयूसी सेंटर चालवते, म्हणजे दिवसभर लोकांच्या गाड्यांचा धूर मोजते. धुरावरून गाडीच्या पोटातलं ओळखायची सवय तिथंच लागली. रागाचं म्हणाल तर तो माझ्या नाकावरच असतो. संबळाच्या शेजारी वाढलेली पोर हळू कशी बोलेल, असं आमची आई म्हणते.

गेल्या वर्षी धाराशिवजवळच्या धावपट्टीवर शर्यत झाली आणि अंतिम फेरीत आम्ही हरलो. हेडलाइटएवढ्या अंतरानं. जिंकला तो धाराशिवचा अमरसिंह. त्याच्या गाडीत गॅस होता, आमच्या गाडीत नव्हता. हरल्याचं दुःख मी गिळलं असतं. पण कप घेऊन जाताना तो हानीच्या खिडकीशी वाकला आणि म्हणाला, "ताई, नवरदेवाच्या गाडीनं वरातीतच चालावं. तितंच शोभून दिसती." हानी गप्प बसली. मी गप्प बसले नाही, पण मी काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

त्याच दिवशी ठरलं. पुढच्या वर्षी आपल्याही गाडीत गॅस.

हा गॅस म्हणजे नायट्रस ऑक्साइड. लोकांना वाटतं, तो पेट्रोलसारखा पेटतो. तो स्वतः पेटत नाही. चुलीला फुंकणी असते ना, तसं त्याचं काम. तो इंजिनात जास्तीचा प्राणवायू नेतो, त्यामुळं जास्तीचं पेट्रोल जाळता येतं आणि गाडी मागून कुणी लाथ घातल्यासारखी सुटते. पण फुंकणीच्या मानानं पेट्रोल कमी पडलं तर आत इतकी आग होते की पिस्टन वितळतो. मग गाडी ढकलत घरी न्यायची. माप ठरवतो तो जेट, म्हणजे सुईनं पाडल्यासारखं भोक असलेला पितळी तुकडा. पन्नासचा, पंचाहत्तरचा, शंभरचा. जेवढा आकडा तेवढ्या घोड्यांची ताकद वाढते. आणि जेवढा आकडा मोठा तेवढी घोडा उधळायची भीतीही.

गाडी चाचांची, म्हणून आधी परवानगी चाचांची. आम्ही दोघी त्यांच्यासमोर उभ्या राहिलो. ते अंगणात गाडीच्या टपावरचे गजऱ्याचे दोरे सोडवत होते. सगळं ऐकून घेतलं आणि त्यांनी एकच विचारलं.

"शर्यत कवा हाय?"

"रविवारी," हानी म्हणाली.

"सोमवारी जळकोटला गुरुसिद्धप्पाच्या मोनिकाचं लगीन हाय. गाडी आपली ठरलीय. म्या जबान दिलीय."

"चाचा, रविवारी संध्याकाळी गाडी तुमच्या दारात उभी असेल," मी म्हणाले.

"गाडी येईल गं. इंजिन येईल का?"

चाचांनी दोरा दातानं तोडला.

"आपल्या गावचा खंडोबा बघा. काई म्हैने अणदूरला, काई म्हैने नळदुर्गला. दोन गावं, एक देव. ठरल्या दिवशी पालखी निघती अन् ठरल्या दिवशी परत येती. दोन्ही गावांनी शब्द पाळला म्हणून चाललंय. माझी गाडी तशी न्या अन् तशी आणा. तिच्यात काय बी घाला, म्या बघायला येणार न्हाय. पर सोमवारी सकाळी पहिल्या चावीला चालू झाली पायजे. न्हाय झाली तर गुरुसिद्धप्पापुढं माझी मान खाली जाईल. अन् मग दोघींनी बी ह्या गाडीला पुन्हा हात लावायचा न्हाय."

चाचा असं बोलले की ते दगडावरची रेघ असते. गाडीच्या बाबतीत तर जास्तच. वरातीत या गाडीच्या स्टिअरिंगला त्यांच्याशिवाय कुणाचा हात कधी लागलेला नाही. हानीनं एकदा हट्ट केला होता, तेव्हा म्हणाले होते, "शर्यतीत चुकलीस तर हरशील. वरातीत चुकलीस तर पुढं बँडवाला हाय." शर्यतीतली अंतिम फेरी गाठणारी मुलगी, आणि बापाला ती बँडमागं चालवू शकेल याची खात्री नाही! हानी हसण्यावारी न्यायची, पण मला माहीत होतं, तिला ते लागायचं.

आता किट निवडायचं. अणदूरला बंडप्पाच्या चहाच्या टपरीवर ही बातमी पोचली आणि जो तो नायट्रसमधला जाणकार झाला. बंडप्पाचं मत ठाम होतं. "शंभरचा घ्या. घ्यायचं तर मोठं घ्यावं. माझ्या मेव्हण्यानं बारका ट्रॅक्टर घेतला, अजून रडायलाय." ट्रॅक्टरचा आणि याचा काय संबंध, असं विचारलं तर म्हणाला, "संबंध कशाला पायजे? मोठं ते मोठं."

पुण्याच्या एका दुकानदाराला मी फोन लावला. तोही शंभरवरच अडलेला. वर म्हणे, सोबत पर्जची नळी देतो, म्हणजे शर्यतीआधी बटण दाबलं की बॉनेटमधून पांढरा ढग उडतो, फोटो झकास येतात. शिवाय बाटली गरम ठेवायचा विजेचा पट्टा. धाराशिव जिल्ह्यात बाटली गरम करायला पट्टा! मी विचारलं, "गॅसबरोबर पेट्रोल कसं वाढणार ते सांगा." तो म्हणाला, "मॅडम, एकदा आवाज ऐका तुम्ही, आवाज!" मी फोन ठेवला. खरं सांगायचं तर तो पांढरा ढग मलाही हवा होता. अमरसिंहच्या तोंडावर उडवायला.

मग कोल्हापूरचा एक दुकानदार भेटला. त्यानं विकायचं सोडून मलाच प्रश्न विचारायला सुरुवात केली. इंजिन किती चाललंय? चारही सिलिंडरचा दाब मोजलाय का? प्लग कुठले? मला त्याचा जरा रागच आला, कारण दाब मी मोजला नव्हता. दुसऱ्या दिवशी मोजला. चारही सिलिंडर एकमेकांना धरून होते, म्हणजे म्हातारी खणखणीत होती, पण म्हातारीच. पन्नास घोडे ती सहन करील. शंभर घातले तर एखादा पळ विजेसारखी पळेल आणि मग कायमची बसेल.

किट दोन जातींचं येतं, कोरडं आणि ओलं. कोरड्यात नुसता गॅस आत जातो आणि पेट्रोल वाढवायचं काम गाडीच्या कॉम्प्युटरवर सोडलेलं असतं. आमच्या गाडीचा कॉम्प्युटर तिच्याच वयाचा. त्याच्या भरवशावर राहणं म्हणजे ज्याला ऐकू येत नाही त्याला पहाऱ्यावर बसवणं. ओल्यात गॅस आणि पेट्रोल एकाच नोजलमधून जोडीनं जातात. मी ओलं निवडलं. पन्नासचा जेट. एक खटका असा की अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्याशिवाय गॅस सुटणार नाही. दुसरा असा की इंजिन ठरलेल्या वेगात फिरत असेल तरच सुटेल, कमी नाही, जास्त नाही. आणि पर्जच्या ढगाऐवजी, पट्ट्याऐवजी, बाटलीचा दाब दाखवणारा एक काटा.

हे मी हानीला सांगितलं आणि तिचा चेहरा पडला.

"पन्नास? अमरसिंह शंभर लावतोय अन् तू मला पन्नास देतीस?"

"मोनिकाचं लग्न आहे सोमवारी."

"मला म्हाईत हाय मोनिकाचं लगीन. अब्बा रोज सांगायलेत. पर हेडलाइटनं म्या हरले, वैदू. त्या सीटवर म्या बसलेली होते. तू न्हाय."

हे मला झोंबलं, कारण ते खरं होतं. मी चिडून म्हणाले, मग तूच निवड. तीही म्हणाली, निवडते. मग काही दिवस आमचं बोलणं बंद. निरोप बंडप्पाच्या टपरीमार्फत जायचे आणि बंडप्पा प्रत्येक निरोपात स्वतःचे दोन शब्द घालायचा, त्यामुळं भांडण आणखी वाढायचं. शेवटी हानीच तुळजापुरात सेंटरवर आली. रिक्षांच्या रांगेत उभी राहिली. नंबर आल्यावर म्हणाली, "पन्नास तर पन्नास. पर पंचाहत्तरचा जेट डबीत राहू दे. लागलाच तर असावा." मी हो म्हणाले. दोघींनाही तेवढंच हवं होतं.

किट बसवून गाडी पुण्याला रोलरवर नेली. तिथं गाडी जागेवर पळते आणि ताकद मोजता येते. आधी पस्तीसचा जेट, मग पन्नासचा. गॅस सुटला आणि अख्खी गाडी पुढं झेपावल्यासारखी ताणली गेली. एसीच्या जाळीतून कुठल्याशा जुन्या वरातीच्या वाळलेल्या पाकळ्या भुर्रकन उडून हानीच्या मांडीवर पडल्या. मी धूर मोजला, प्लग काढून पाहिले. रंग पोळीच्या डागासारखा, हवा तसा. हानी गाडीतून उतरली ती हसतच. "वैदू," ती म्हणाली, "पन्नास बी लई हायत गं."

रविवारी धावपट्टीवर अशी गर्दी होती की जत्रा बरी. ऊन कडक. गॅसच्या बाटलीला ऊन चालत नाही. ती तापली की दाब वाढतो, दाब वाढला की गॅस जास्त सुटतो, पेट्रोल मात्र ठरलेलंच जातं. म्हणजे माप बिघडलं. तिकडं थंड मुलखात लोक बाटली तापवतात, आम्हाला ती निववायची होती. मी डिकीतल्या बाटलीभोवती ओलं पोतं गुंडाळलं, शेतात पाण्याच्या कॅनला गुंडाळतात तसं, आणि वरून पाणी शिंपडत राहिले. डिकी सावलीच्या बाजूला.

अमरसिंह त्याच्या मित्रांना घेऊन फिरत फिरत आला. "ताई, पोत्यात काय आणलंय? भाजी?"

"कारली," मी म्हणाले. "तुमच्यासाठी."

सकाळच्या फेऱ्या हानीनं आरामात काढल्या. उपांत्य फेरीही जिंकलो. पण फलकावर अमरसिंहची वेळ आमच्यापेक्षा कमी होती. त्याचा पांढरा ढग उडाला की पोरं शिट्ट्या मारायची. आम्ही दोघी फलकासमोर उभ्या राहून आकडे बघत होतो, तेव्हा तो मागून म्हणाला, "आता वरातीची तयारी करा. उशीर नको." आणि माझं डोकं फिरलं.

मी तरातरा गाडीकडं निघाले. डबी उघडली, पंचाहत्तरचा जेट काढला, पाना घेतला. बदलायला कितीसा वेळ? हानी माझ्यामागून पळत आली.

"काय करायलीस?"

"तुला हवा होता ना? घे. पंचाहत्तर."

"तवा पायजे होता. आता नगं."

"आता तर खरी गरज आहे! बघितलीस ना त्याची वेळ?"

हानीनं माझं मनगट धरलं. ती एरवी बोलण्यात माझ्यापुढं नेहमी माघार घेते. या वेळी तिनं घेतली नाही. "वैदू, उद्या मोनिका बसणार हाय ह्या गाडीत. अब्बांनी जबान दिलीय. म्या हरले तर हरले, पुन्हा पुढल्या वर्षी येईन. अब्बांची मान खाली गेली तर पुढलं वर्ष कुठलं?" मग ती थांबली आणि म्हणाली, "आधी तो काटा तर बघ."

मी डिकीकडं वळले आणि किंचाळलेच.

अणदूरची मंडळी टेंपो भरून आली होती. आम्ही फलकाकडं गेलो तेवढ्यात त्यांनी अंतिम फेरीआधी गाडीची पूजा उरकली होती. पूजा म्हणजे रीतसर. गाडीचं तोंड पूर्वेला हवं म्हणून गाडी ढकलून फिरवली होती, म्हणजे डिकी बरोबर पश्चिमेला, तिसऱ्या प्रहराच्या उन्हात सताड उघडी. चाकाखाली लिंबू. बॉनेटवर भंडारा. आणि खरी ताकद बाटलीत आहे हे समजल्यामुळं बाटलीलाच हळदीकुंकू वाहून हार घातला होता. ओलं पोतं घडी घालून बाजूला ठेवलेलं. हात जोडून बंडप्पा उभा.

"पोतं का काढलं?" मी ओरडले.

"देवाला पोत्यात ठेवत्यात का?" बंडप्पा म्हणाला. त्याचा चेहरा इतका भाविक होता की त्याला मारावं की नमस्कार करावा, कळेना.

काटा लाल पट्ट्याच्या पार पलीकडं गेला होता. याच दाबानं पन्नासचा जेटही घातक ठरला असता. आणि मी तिथं पंचाहत्तरचा लावायला निघाले होते! जेट मी गुपचूप डबीत ठेवला आणि डबी हानीच्या हातात दिली.

मग धावपळ. पोतं भिजवलं, बाटलीला गुंडाळलं. अणदूरकरांनी आपल्या प्यायच्या बाटल्या त्याच्यावर रिकाम्या केल्या, बंडप्पानं तर चहाच्या किटलीतलं पाणी ओतलं. काटा हलायला तयार नव्हता. माईकवर आमचं नाव पुकारलं गेलं. तेवढ्यात अमरसिंह आला.

"काय झालं?"

"काही नाही," मी म्हणाले.

"बाटली तापली," हानी म्हणाली.

त्यानं काट्याकडं पाहिलं, हाराकडं पाहिलं, बंडप्पाकडं पाहिलं. आणि वळून निघून गेला. परत आला तो कोल्ड्रिंकचा डबा उचलून, बर्फानं भरलेला. तो त्यानं स्वतःच्या हातानं पोत्यावर उपडा केला. "बाटली गरम होती म्हणून हरलो असं वर्षभर ऐकायचं न्हाय मला," तो म्हणाला. मी त्याला वर्षभर दिलेल्या शिव्यांपैकी निम्म्या तिथंच परत घेतल्या. निम्म्या शर्यत संपेपर्यंत ठेवल्या.

काटा हळूहळू उतरला. हिरव्यात आला. मी पोतं काढलं, बाटलीवरचं कुंकू तसंच राहू दिलं, डिकी लावली. हानीनं हेल्मेट घातलं. माझ्याकडं बघितलं आणि नुसती मान हलवली.

दोन्ही गाड्या रेषेवर आल्या. अमरसिंहचा ढग उडाला, शिट्ट्या झाल्या. आमच्या गाडीनं काही उडवलं नाही. बॉनेटवरचा भंडारा तेवढा थरथरत होता. दिवे पिवळे झाले, मग हिरवे.

अमरसिंहनं सुरुवातीलाच गॅस सोडला. शंभर घोडे एकदम पुढच्या चाकांवर आले आणि चाकं जागेवरच फिरली. रबराचा धूर निघाला, गाडी क्षणभर तिथल्या तिथं फुरफुरली. हानी पहिल्या गिअरमध्ये गॅसशिवाय सुटली होती, स्वच्छ, चाक न घसरता. दुसरा गिअर टाकला, पाय तळाला नेला आणि आमचा गॅस आत शिरला. आवाज बदललेला मला इतक्या लांबून ऐकू आला. गाडी खाली बसली आणि निघाली. पण अमरसिंहच्या चाकांनीही आता जमीन धरली होती आणि तो सरळ रेषेत तिला खात येत होता. अर्ध्या वाटेत मागच्या दारापर्यंत आला. मग पुढच्या दारापर्यंत. मी ओरडत होते, काय ते आठवत नाही. बंडप्पा "येळकोट येळकोट!" करत होता. हानीनं तिसरा गिअर टाकला तो इतका झटकन की आवाज तुटलाच नाही. पन्नास घोडे, एक इकडं नाही की तिकडं नाही, शेवटपर्यंत ओढत राहिले. तो आरशापर्यंत आला आणि तिथंच अडकला. रेषा संपली.

फलकावर आमचं नाव वर आलं.

हेडलाइटएवढं गेल्या वर्षी गमावलं होतं. या वर्षी आख्खं बॉनेट जिंकलं. मी धावपट्टीच्या कडेला खाली बसले आणि भोकाड पसरून रडले. आनंदानं रडणाऱ्या बायका मला कधी पटल्या नव्हत्या, आता पटतात. अणदूरकरांनी भंडारा असा उधळला की हानी गाडीतून उतरली तेव्हा हेल्मेटपासून बुटापर्यंत पिवळीधमक झाली. ती माझ्या गळ्यात पडली आणि मीही पिवळी झाले.

अमरसिंह आला, हात मिळवला. "ताई, उद्याची वरात कुठं हाय?"

"जळकोटला," हानी म्हणाली. "या की. उद्या हळू चालणार हाय. उद्या तुम्हाला गाठता येईल."

तो इतक्या मोठ्यानं हसला की माझ्याकडच्या उरलेल्या निम्म्या शिव्याही संपल्या.

संध्याकाळी गाडी अणदूरला नेली. बाटली काढून आधीच वेगळ्या टेंपोत ठेवली होती. चाचा दारातच उभे होते. कोण जिंकलं, विचारलं नाही. हानीनं कप पाठीमागं धरला होता, त्याकडंही बघितलं नाही. बॉनेट उघडलं, ऑइलची कांडी काढली, बोटांवर तेल चोळून वास घेतला. "थंड होऊ द्या," म्हणाले. आम्ही तिघं पायरीवर बसून राहिलो. इंजिन टिकटिक करत थंड होत होतं. मग चाचा उठले, आत बसले आणि चावी फिरवली.

पहिल्या चावीला चालू झाली.

चाचांनी बॉनेटशी कान नेला आणि बराच वेळ ऐकलं. मग गाडी बंद करून हानीपुढं उभे राहिले. "म्हंजे ठरल्याप्रमाणं आली," ते म्हणाले. "आता दाखव, पाठीमागं काय हाय ते."

सकाळी शर्यतीसाठी काढलेली मागची सीट बसवली, भंडारा धुतला, फुलांची जाळी चढवली. जळकोटला लग्न लागलं. वरात निघायची वेळ झाली, बँडवाल्यांनी सूर धरला, मोनिका आणि तिचा नवरा मागं बसले. गुरुसिद्धप्पांनी चाचांना टॉवेल-टोपी दिली. चाचांनी टोपी डोक्यावर चढवली, खिशातून चावी काढली आणि हानीपुढं धरली.

"तू चालव."

हानीनं समोर बोट दाखवलं. "अब्बा, पुढं बँडवाला हाय."

"दिसायलाय मला."

हानी बसली. आरसा नीट केला, सीट पुढं घेतली, आरसा पुन्हा नीट केला. काल दिव्यांसमोर तिनं यातलं काहीच केलं नव्हतं. मोनिका मागून कुजबुजली, "हानीताई, तो कालचा गॅस सोड की गं," आणि नवरदेवानं घाबरून दाराची कडी धरली. गाडी निघाली. मुंगीच्या चालीनं, एकही धक्का न देता. अमरसिंह खरंच आला होता आणि बँडपुढं सगळ्यांपेक्षा जास्त नाचत होता.

आणि चाचा? ते बँडच्या मागं आणि गाडीच्या अगदी पुढं चालत होते. त्यांच्यात आणि बंपरमध्ये हातभरही अंतर नव्हतं. मारुतीच्या देवळापासून जानवसघरापर्यंत ते तसेच चालले, छाती पुढं काढून, गाडीकडं पाठ करून, आणि एकदाही मागं वळून बघितलं नाही.